व्यवसायबंधूंचा परिचय : बागाईतदाराचे वहीबाहेरचे भांडवल

द्राक्षबागेच्या खर्चाचा ताळेबंद मांडावयास बसलेला बागाईतदार सहसा काही विसरत नाही. मांडवाचे लोखंडी अँगल, तारा, ठिबकच्या नळ्या, शेणखत, औषधे, छाटणीची मजुरी, बँकेचे व्याज, इतकेच नव्हे तर बागेवर आलेल्या पाहुण्यांच्या चहाचा खर्चदेखील त्याच्या वहीत सापडतो. परंतु ज्या एका साधनावर त्याचा नफा-तोटा पुष्कळदा अवलंबून असतो, त्याची नोंद त्या वहीत कोठेही आढळत नाही. हे साधन म्हणजे त्याच धंद्यातील, आणि त्या धंद्याशी संबंध असलेल्या इतर माणसांशी त्याचा असलेला परिचय होय. विहिरीस पाणी किती, हे प्रत्येक बागाईतदार दोरी सोडून पाहतो; आपल्या परिचयाची खोली किती, हे मात्र तो संकट येईपर्यंत कधी पाहत नाही.

एकमेकांच्या साह्याने काम करण्याची चाल शेतकऱ्यास नवी आहे, असे मुळीच नाही. सावड आणि इर्जिक या रीती महाराष्ट्राच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. चांगल्या वाणाचे बी सोयरिकीच्या वाटेने एका गावातून दुसऱ्या गावात जात असे. परंतु या सर्व व्यवहाराची शीव ठरलेली होती. पिकाचा बाजार पाच-दहा कोसांच्या आत होता, म्हणून ओळखही तेवढ्याच अंतराची पुरत असे. आज निफाड वा दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष समुद्रमार्गे नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात उतरते. त्या द्राक्षास लागणारे औषध परराज्यातून येते, मजूर दुसऱ्या तालुक्यातून येतात, आणि खरेदीदार कोठून आला हे पुष्कळदा ठाऊकही नसते. व्यवहार असा हजारो मैल पसरला; बागाईतदाराची ओळख मात्र अजूनही गावच्या पारावर, भावकीत आणि तालुक्याच्या कृषिसेवा केंद्राच्या बाकावरच थांबलेली आहे. व्यवहाराच्या आणि ओळखीच्या लांबीतील ही तफावतच पुष्कळ नुकसानीचे मूळ आहे.

येथे परिचय या शब्दाचा अर्थ नीट ध्यानी घेणे अगत्याचे आहे. परिचय म्हणजे वशिला नव्हे. वशिल्यात एकाचे काम होते आणि दुसऱ्याचे अडते. परिचयात दोघांच्याही माहितीत भर पडते. पुढाऱ्याबरोबर छायाचित्र काढून घेणे, अधिकाऱ्याच्या दारी हजेरी लावणे, मेळाव्यात पहिल्या रांगेत बसणे, यांसही परिचय म्हणता येणार नाही. ज्याच्या बागेत आपण उभे राहिलो आहोत, ज्याच्या मातीचा रंग आणि पाण्याचा खारेपणा आपल्यास ठाऊक आहे, जो आपल्यास रात्री दहा वाजता दूरध्वनी करून एखादी गोष्ट विचारू शकतो आणि ज्यास आपणही विचारू शकतो, तोच खरा परिचित.

अशा परिचयाची गरज द्राक्षाइतकी क्वचितच दुसऱ्या पिकास असेल. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडबार छाटणी फळासाठी. गोडबार छाटणीनंतरचे दिवस अतिशय नाजूक असतात. फुटवे कोवळे असताना ढग दाटले, पाऊस झाला, पाने रात्रभर ओली राहिली, म्हणजे केवडा रोग, ज्यास बागांतून डावणी म्हणतात, फार थोड्या अवधीत बागेचा ताबा घेतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये व त्यानंतर झालेल्या अवेळी पावसाने नाशिक जिल्ह्यातील बागांचे असेच अतोनात नुकसान झाले. अशा वेळी निर्णय घेण्यास आठवडा मिळत नाही. एक दिवस मिळाला तरी पुष्कळ. त्या एका दिवसात पुस्तक शोधून वाचणे शक्य नसते, आणि तज्ज्ञ प्रत्येक बांधावर पोहोचणेही शक्य नसते. उपयोगी पडतो तो असा माणूस, की ज्याने हाच प्रसंग चार दिवसांपूर्वी अनुभवला आहे.

आणि असा माणूस असतोच, ही यातील महत्त्वाची गोष्ट आहे. बागलाण तालुक्यातील पुष्कळ बागाईतदार जुलै-ऑगस्टमध्येच छाटणी घेऊन हंगामाच्या आधी माल बाजारात आणतात. निफाडकराची बाग ज्या अवस्थेत ऑक्टोबरच्या अखेरीस येणार, त्या अवस्थेतून बागलाणातील बाग दोन-अडीच महिने आधीच गेलेली असते. कोणते औषध पावसात टिकले, कोणते धुऊन गेले, कोणत्या फवारणीने कोवळ्या घडावर डाग पडले, या सर्वांचा निकाल तेथे आधीच लागलेला असतो. हा निकाल फुकट मिळणारा आहे. तथापि बागलाणात ज्याचा एकही परिचित नाही, अशा निफाडच्या बागाईतदारास त्याचा काडीइतकाही लाभ होत नाही. तो आपल्या शेजाऱ्यास विचारतो. आणि शेजारी तर त्याच्याच नावेत बसलेला असतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दूरच्या ओळखींच्या सामर्थ्याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. माणसांना नोकऱ्या कशा मिळाल्या याची चौकशी करता त्यास असे आढळले, की उपयोगी बातमी जिवलग मित्रांकडून कमी आणि क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून अधिक येते. कारण उघड आहे. जिवलग मित्रास जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यासही ठाऊक असते. दूरचा परिचित वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून तो नवे काही सांगू शकतो. हे निरीक्षण नोकरदारांविषयीचे असले तरी बागाईतदारास ते तंतोतंत लागू पडते. गावातील दहा घट्ट मित्र असणे सुखाचे आहे. पण धंद्याच्या दृष्टीने त्या दहांपेक्षा सांगली, सोलापूर, बारामती व बागलाण येथील चार ओळखीची माणसे अधिक मोलाची ठरतात.

याच्याही पूर्वीचे एक संशोधन कृषिविस्ताराच्या प्रत्येक विद्यार्थ्यास शिकविले जाते. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांत कसे पसरले याचा अभ्यास करून तो १९४३ साली प्रसिद्ध केला. दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांच्या त्यांनी मुलाखती घेतल्या. बियाण्याची पहिली वार्ता बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती. परंतु ते पेरण्याचा निश्चय मात्र मुख्यतः शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अनुभवामुळे झाला होता. विक्रेत्याने सांगितलेले कानावर पडते आणि शेतकऱ्याने सांगितलेले मनावर ठसते, हा अनुभव आपल्याकडील प्रत्येक कृषिसेवकास आहे. कृषिखात्याच्या माणसाने यात मानहानी मानण्याचे कारण नाही. दोन बागाईतदारांची गाठ घालून देणे, हे शंभर पत्रके वाटण्याहून मोठे विस्तारकार्य होय.

दूरची उदाहरणे बाजूस ठेवली तरी महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीचा स्वतःचा इतिहास याच गोष्टीची साक्ष देतो. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे मुळात गणिताचे अध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार या नावाने शेतात प्रयोग करणाऱ्या माणसांचा एक मेळ जमविला. या परिवारास मोठी इमारत नव्हती, वेतनभोगी कर्मचाऱ्यांचा ताफा नव्हता. एकाने आपल्या वेलीवर काय केले, पाने किती ठेवली, ऊन कोठे पडले, घड कसे आले, हे दुसऱ्यास कळवावयाचे. दुसऱ्याने ते करून पाहून आपला अनुभव परत कळवावयाचा. असा तो व्यवहार होता. तासगाव भागातील द्राक्षबागाईतदारांनी या देवघेवीतून वेलीची शरीररचना समजून घेतली आणि आपले उत्पादन लक्षणीय वाढविले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की या मेळात कोणी कायमचा गुरू नव्हता आणि कोणी कायमचा शिष्य नव्हता. छाटणीतला जाणता पाण्याच्या बाबतीत दुसऱ्याकडून शिकत असे.

वाणांची कथाही अशीच आहे. थॉम्सन सीडलेस हे वाण महाराष्ट्रात रुळण्यापूर्वी भोकरी, अनाबेशाही अशा द्राक्षांचा येथे प्रसार होता. थॉम्सनच्या बागा उभ्या राहिल्यावर त्यांतील काही वेली इतरांपेक्षा वेगळ्या असल्याचे चाणाक्ष बागाईतदारांच्या नजरेस आले. तासगाव तालुक्यात वसंतराव आर्वे यांनी निवडलेले तास-ए-गणेश आणि सोलापूरजवळच्या नान्नज येथे नानासाहेब काळे यांनी निवडलेले लांब मण्यांचे सोनाका ही वाणे शेतकऱ्यांच्या बागांत जन्मली. निवड एकाने केली हे खरे. परंतु ती वाणे राज्यभर पसरली ती काडीकाडीने, ओळखीच्या वाटेने. एका बागाईतदाराने दुसऱ्यास छाटणीच्या काड्या दिल्या, दुसऱ्याने तिसऱ्यास. पुढे अवर्षण आणि क्षारयुक्त पाणी यांनी स्वतःच्या मुळावरील वेली खचू लागल्या, तेव्हा डॉगरिज या खुंटावर कलम करण्याची रीतही बागेबागेतून पाहणी करून आलेल्या माणसांनीच रुजविली. मांजरी येथे १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले, त्याच्या कार्याचे महत्त्व कोणी कमी लेखू नये. पण संशोधन केंद्रातील ज्ञानदेखील मांडवाखाली उतरते ते माणसाच्या पायांनीच.

आता या सर्वांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो. शेजारचा बागाईतदार हा अखेर प्रतिस्पर्धी आहे. आपली फवारणीची वेळ, आपले जिब्रेलिक ॲसिडचे प्रमाण, आपला खरेदीदार त्यास का सांगावा? पुष्कळ बागांतून औषधांच्या रिकाम्या बाटल्या शेजाऱ्यास दिसू नयेत म्हणून लगोलग पुरल्या जातात, हे सर्वश्रुत आहे. हा आक्षेप वरवर पाहता सयुक्तिक वाटतो. परंतु हिशेबास उतरत नाही. दोन-चार एकरांच्या बागाईतदाराचा माल बाजाराच्या समुद्रातील ओंजळभर पाणी होय. शेजाऱ्याने एकरी दोन टन अधिक काढले म्हणून आपला भाव एक पैसाही पडत नाही. उलट शेजाऱ्याने वाईट माल पाठविला, तर मात्र आपला भाव खात्रीने पडतो.

याचा कटू अनुभव २०१० साली आला. वेलींची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचा अंश युरोपातील मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यामुळे भारतीय द्राक्षे तेथे अडकून पडली. ज्यांनी ते संजीवक बेताने वापरले होते, किंवा वापरलेच नव्हते, त्यांच्याही पेट्यांकडे संशयाने पाहिले गेले. युरोपातील ग्राहकास अमुक गटनंबरातील बाग ठाऊक नसते. त्यास केवळ भारतीय द्राक्ष ठाऊक असते. यास्तव शेजाऱ्याच्या फवारणीच्या वहीत काय लिहिले आहे हे आपल्या हिताचे प्रकरण आहे, आणि ज्या शेजाऱ्याशी बोलणेच नाही त्याची वही कोण पाहणार?

निर्यातीचा आरंभदेखील एकट्यादुकट्याच्या बळावर झालेला नाही. १९९१ साली द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स ही संस्था उभी केली. आरंभीच्या काळात परदेशी गेलेला काही माल नाकारला गेला. पूर्वशीतकरण, शीतगृह, पेटीतील मालाचा सारखेपणा, यांतील प्रत्येक त्रुटी पैसे गमावून शिकावी लागली. परंतु तो तोटा अनेकांत वाटला गेला आणि त्यातून मिळालेले शहाणपणही अनेकांत वाटले गेले, म्हणून धंदा टिकला. एकाच माणसाचा सगळा माल पहिल्या वर्षी नाकारला गेला असता, तर दुसऱ्या वर्षी त्याने बाग तोडून ऊस लावला असता. २०१० च्या सुमारास विलास शिंदे व त्यांचे सहकारी यांनी दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे सह्याद्री ही शेतकरी उत्पादक कंपनी उभारली, तीही थोड्याशा द्राक्षबागाईतदारांपासून. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने दहा उत्पादकांना अशी कंपनी स्थापन करता येते. दहा सह्या मिळविणे कठीण नाही. एकमेकांच्या मालाची जबाबदारी घेतील अशी दहा माणसे मिळणे कठीण आहे. ती कायद्याने मिळत नाहीत.

परिचयाच्या अभावी होणारे सर्वांत हृदयद्रावक नुकसान मात्र फवारणीचे नसून पैशाचे असते. हंगामात परगावचा खरेदीदार येतो. त्याचे बोलणे गोड असते, भाव चार रुपये अधिक असतो, पहिल्या दोन तोड्यांचे पैसे तो जागच्या जागी मोजतो. तिसऱ्या तोड्यास अर्धे पैसे देतो. चौथ्या वेळी बागेतील उरलेला सर्व माल गाडीत भरतो, धनादेश देतो आणि निघून जातो. धनादेश वटत नाही. दूरध्वनी लागत नाही. त्याने घेतलेली भाड्याची जागा रिकामी असते. वर्षभराची मेहनत, बँकेचे कर्ज, मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवलेली रक्कम, सर्व एका रात्रीत नाहीसे होते. द्राक्षपट्ट्यात ही गोष्ट एकदा घडलेली नाही. ती हंगामामागून हंगाम घडत आली आहे.

आता असे पाहावे की हा माणूस अचानक आकाशातून पडलेला नसतो. मागील हंगामात तो दुसऱ्या एखाद्या तालुक्यात असतो, आणि तेथे त्याने हेच केलेले असते. म्हणजे त्याची माहिती अस्तित्वात असते. केवळ ती शंभर मैलांवरच्या दुसऱ्या बागाईतदाराच्या मनात दडलेली असते. ती तेथेच का राहते? ओळख नाही हे एक कारण, आणि लाज हे दुसरे. फसवला गेलेला शेतकरी बोलत नाही. चार रुपयांच्या लोभाने आपण बुडालो असे लोक म्हणतील, सोयरेधायरे हसतील, या भीतीने तो पोलिस ठाण्यातही जात नाही, मग परक्या तालुक्यातील माणसास कसा सांगेल? बागाईतदाराची ही लाज हेच फसव्या खरेदीदाराचे खरे भांडवल आहे. त्यावरच त्याचा पुढील हंगाम उभा राहतो. जेथे बागाईतदार महिन्यातून एकदा तरी निवांत बसून परस्परांचे व्यवहार उघडपणे बोलतात, जेथे फसवणुकीची गोष्ट सांगणारा मूर्ख न ठरता उपकारकर्ता ठरतो, तेथे अशा खरेदीदाराचा पाय टिकत नाही. खरेदीदाराचा बाजार समितीचा परवाना पाहणे, सौदापावती लिहून घेणे, पैसे हाती आल्यावाचून पुढचा तोडा न देणे, ही खबरदारी घ्यावीच. परंतु एकट्या बागाईतदारास माल वेलीवर पिकलेला असताना इतके कठोर होणे जमत नाही. चौघांनी मिळून तोच नियम धरला तर जमते.

२०२० च्या मार्च महिन्याची आठवण सर्वांस आहे. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असताना २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. गाड्या थांबल्या, बाजार थंडावले, माल वेलीवरच पिकत राहिला. त्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांतून ज्यांच्या ओळखी होत्या, गावचा एखादा मुलगा ज्यांच्यासाठी शहरात वीस घरे जोडू शकत होता, त्यांनी पेट्या थेट दारापर्यंत पोहोचविल्या. ज्यांची बेदाणा शेड असलेल्या माणसाशी जुनी ऊठबस होती, त्यांना घड वाळविण्यासाठी रॅकवर जागा मिळाली. उरलेल्यांना दोन्ही मिळाले नाही. शेडची जागा अशा वेळी भाड्याने मिळत नाही. ती आधीच्या चार वर्षांच्या वागणुकीने मिळते.

ज्याच्याकडे या संदर्भात कोणाचेही लक्ष जात नाही, असा एक माणूस प्रत्येक बागेत येऊन जातो. तो म्हणजे मजुरांच्या टोळीचा मुकादम. पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ भागातून येणाऱ्या टोळ्या निफाड-दिंडोरीच्या बागांतून छाटणी, डिपिंग, विरळणी अशी कामे करीत फिरतात. एका हंगामात अशा टोळीचा मुकादम जितक्या बागा आतून पाहतो, तितक्या कोणताही सल्लागार पाहत नाही. कोणत्या बागेत घड एकसारखे आले, कोणत्या बागेत मणी गळाले, कोण वेळेवर मजुरी देतो, हे सर्व त्यास ठाऊक असते. परंतु त्यास कोणी विचारीत नाही. कारण तो मजूर. त्यास मांडवाखाली बसवून पाच प्रश्न विचारण्यात बागाईतदाराचा मान जात असेल, तर तो मान फार महाग पडतो असेच म्हणावे लागेल. मात्र त्याच्याकडून दुसऱ्याच्या बागेची गुपिते काढावीत असा याचा अर्थ नव्हे. त्याच्या स्वतःच्या हाताखालच्या कामाविषयी त्याचे मत घ्यावे, इतकेच.

याहून अधिक खेदाची गोष्ट स्त्रियांविषयीची आहे. बागेतील विरळणी, घडांची निगा, पॅकिंग यांतील बहुतांश कौशल्य स्त्रियांच्या हाती असते. परंतु चर्चासत्रांत त्यांची खुर्ची नसते. त्याचा परिणाम घरावर आपत्ती आली म्हणजे दिसतो. पती अकस्मात निवर्तल्यावर बाग चालविण्याची जबाबदारी जिच्यावर पडते, त्या स्त्रीस वेल कळते, माती कळते, पण औषधविक्रेता, बँकेचा अधिकारी, खरेदीदार, निर्यातदार यांपैकी एकाचाही चेहरा परिचयाचा नसतो. जमीन वारसाहक्काने तिच्या नावावर चढते. पतीच्या ओळखी मात्र चढत नाहीत. त्या हळूहळू आटतात आणि दोन-तीन वर्षांत चांगली बाग खंडाने द्यावी लागते. घरातील स्त्रीस हयातीतच सर्व व्यवहारांत बरोबर घेणे, शिवारफेरीस नेणे, खरेदीदाराशी तिच्यादेखत बोलणी करणे, यास एक पैसा खर्च येत नाही. हीच गोष्ट एक-दीड एकराच्या लहान बागाईतदाराची. मोठ्यांच्या बैठकीत तो दाराशी उभा राहतो, आणि बैठक संपल्यावर निघून जातो. ओळख जर भावकी, जात आणि राजकीय गट यांच्याच रेषांनी वाहणार असेल, तर ती माहिती न पसरविता तिचे बांध घालते.

महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघासारखी जुनी संस्था या राज्यात आहे, तिची अधिवेशने भरतात, हे भूषणावह होय. परंतु कोठल्याही संस्थेचे सभासदत्व म्हणजे परिचय नव्हे. वर्गणी भरून अधिवेशनास जावे, आपल्याच गावच्या पाच जणांसमवेत बसावे, त्यांच्याशीच जेवावे आणि त्याच गाडीने परतावे, असे करणारे पुष्कळ. शासकीय योजनांखाली स्थापन झालेल्या गटांतही हा दोष आहे, आणि तो शासनाच्या पत्रिकेने झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अनुदानाच्या अर्जापुरता जमलेला गट अवजार मिळताच विसर्जित होतो. अवजार अध्यक्षाच्या गोठ्यात राहते. भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सॲपच्या गटांनी बातमीचा वेग वाढविला हे मान्य करावयास हवे. केवड्याच्या पानाचे छायाचित्र क्षणात दोनशे जणांस दिसते. पण त्याच क्षणी वीस जण वीस औषधे सुचवितात, आणि त्यांतील किती जण औषध विकणारे आहेत हे कळावयास मार्ग नसतो. ज्याची बाग आपण डोळ्यांनी पाहिली आहे त्याचा शब्द, आणि ज्याचे नावही ठाऊक नाही त्याचा शब्द, यांत फरक करता आला पाहिजे.

परिचिताचा सल्लाही डोळे मिटून आचरणात आणावयाचा नसतो. मुरमाड जमिनीत चाललेले खताचे प्रमाण काळ्या जमिनीत चालत नाही, आणि गोड्या पाण्यावरील बागेचा अनुभव खाऱ्या पाण्यावरील बागेस घातकही ठरतो. म्हणून विचारणाऱ्याने प्रथम माती, पाणी, खुंट, छाटणीची तारीख आणि पाऊस विचारावा. औषधाचे नाव सर्वांत शेवटी. सांगणाऱ्यानेही तोंडच्या अंदाजाने न सांगता वही समोर ठेवून सांगावे. ज्याच्याकडे वही नाही तो देणार काय? आणि जो नेहमी घेतो व कधीच देत नाही, त्याचा दूरध्वनी पुढे कोणी उचलीत नाही, हेही खेड्यात सर्वांस ठाऊक आहे.

बागाईतदाराने आपल्या ओळखी एकदा कागदावर लिहून पाहाव्यात. त्यांत आपल्याहून वेगळ्या मातीत बाग करणारा कोणी आहे काय, आपल्या आधी छाटणी घेणारा कोणी आहे काय, बेदाणा शेडचा मालक, शीतगृहाचा व्यवस्थापक, रासायनिक अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेतील माणूस, वाहतूकदार, यांपैकी किती जणांस आपण नावाने ओळखतो? बहुतेकांच्या कागदावर खतविक्रेत्याचेच नाव पहिले येईल आणि पुष्कळांच्या कागदावर ते एकटेच राहील. विक्रेत्याशी सलोखा असण्यात काही गैर नाही. परंतु औषध कोणते घ्यावे हे औषध विकणाऱ्यासच विचारणे यातील धोका उघड आहे.

या कामास विशेष योग्य असा काळ वर्षात एकच येतो. खरड छाटणीनंतरची काडी पक्व झालेली आणि गोडबार छाटणी अद्याप दूर असलेली, असे ऑगस्ट व सप्टेंबरचे दिवस निफाड, दिंडोरीच्या बागाईतदारास थोडेसे मोकळे असतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत बागलाणच्या बागा फुटव्यांत अगर फुलोऱ्यात असतात. चार-पाच जणांनी मिळून एक गाडी करावी. त्यांत एक तरी लहान बागाईतदार आणि एक तरी स्त्री असावी. जाताना आपली फवारणीची वही बरोबर न्यावी, म्हणजे यजमानास आपली वही उघडताना संकोच वाटणार नाही. बागेत शिरण्यापूर्वी पायांची माती झटकावी व हात धुवावेत, कारण रोग पाहुण्याच्या अंगावरूनही प्रवास करतो. सप्टेंबर संपण्यापूर्वी हे उरकावे. एकदा स्वतःच्या बागेत कात्री लागली की पुढचे तीन महिने कोणासही घर सोडता येत नाही.